उचल घेतली म्हणून माणूस गहाण पडत नाही

महोदय,

मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सायबर-फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. चांगल्या पगाराची नोकरी सांगून नेलेली ही माणसं. तिथं पासपोर्ट काढून घेतले आणि लोकांना ऑनलाइन गंडवायच्या कामाला जुंपलं. सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत हा विषय अजूनही निघतो, आणि दर वेळी कुणी तरी म्हणतंच, ‘बाहेरदेशी काहीही चालतं.’ पण अशी वेठबिगारी आपल्या दाराशीही चालते, म्हणून हे पत्र.

मी कामठी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. दिवाळीनंतर छत्तीसगडहून विटाभट्टीवर आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात यायची, पावसाळ्याआधी निघून जायची. चौथीतली एक मुलगी, गुणाकारात सगळ्यांच्या पुढे, अचानक येईनाशी झाली. भट्टीवर गेले तर ती उन्हात विटा पलटवत होती. तिची आजी गावी वारली होती. बापाला एकट्याला जाऊ दिलं. बायको-लेकरं उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे, फिटेपर्यंत ठेवून घेतली. कुलूप नव्हतं, पहारेकरी नव्हता. मुनशीच्या वहीत एक आकडा होता, आणि आठवड्याच्या खर्चीपायी तो वाढतच चालला होता.

तहसीलला लेखी अर्ज दिला. चौकशीला आलेल्यांनी सेठ समोर उभा असतानाच तिच्या आईला विचारलं, ‘काही त्रास आहे का?’ ती बाई काय बोलणार! नाही म्हणाली. पुन्हा अर्ज केला, जबाब शाळेच्या खोलीत घ्यायचा आग्रह धरला, तेव्हा कुठं ती मोकळेपणी बोलली. पुढे मुक्ततेचा दाखला घेऊन ते कुटुंब गावी गेलं. कुणी अशी तक्रार करणार असेल तर बाकी काही नाही तरी एवढं लावून धरा: जबाब मालकाच्या नजरेआड झाला पाहिजे.

कायदा मजुराच्या बाजूचा आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं ज्या कर्जापायी माणूस अडकवला ते कर्जच रद्द होतं, आणि ते कर्ज तसलं नव्हे हे सिद्ध करणं पैसे देणाऱ्यावर असतं. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणं हीसुद्धा घटनेच्या कलम २३ नं मनाई केलेली सक्ती ठरवली. दीक्षाभूमीच्या या शहरात हे कलम घरोघरी ठाऊक असायला हवं. त्या भट्टीवर ते एकालाही माहीत नव्हतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५ कोटी माणसं आधुनिक गुलामगिरीत आहेत. त्यांतली २ कोटी ७६ लाख सक्तीच्या कामात, तर २ कोटी २० लाख जबरदस्तीच्या लग्नात अडकलेली. या दुसऱ्या आकड्याबद्दल तर कुणी बोलतही नाही. एवढे आकडे ऐकले की माणूस हात टेकतो. पण बेसा-मिहानकडे घरं आपणच बांधतोय ना? ठेकेदाराला विचारा, विटा कुठल्या भट्टीच्या, मजुरी हातात मिळते की नुसती वहीत चढते, आणि मजुराला उद्या घरी जायचं म्हटलं तर जाता येतं का. राबणारं लेकरू दिसलं तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन लावा. मुलाला परदेशी नोकरीला धाडताना एजंट सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, ते आधी तपासा.

जिल्हाधिकाऱ्यांना एक विनंती. या कायद्याखाली जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर यंदा भट्ट्या पेटण्याआधी वर्तमानपत्रांतून जाहीर करावेत, आणि प्रत्येक भट्टीवर ठळक अक्षरांत लावावेत, मराठीबरोबर हिंदीत आणि छत्तीसगढीतही.

एक निवृत्त शिक्षिका,
कामठी रोड, नागपूर