काळविटाचे केस मोजू नकोस

पैठण

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले काळविटाचे चित्र पोहोचले. आईने ते देवघराशेजारी टेकवून ठेवले आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते दाखवत असते, तेव्हा कौतुक तिच्याकडून मिळाले असे समज. मी चित्रकलेचा मास्तर, माझ्या वाट्याला दुसरे काम येते. मानेवरचा केस न् केस तू शून्य नंबरच्या ब्रशने काढला आहेस, त्यात किती रात्री गेल्या असतील हे मी जाणतो, आणि तरीही ते काळवीट आपल्या रानातले वाटत नाही. ते दिवसाच्या कोणत्या वेळी, कसल्या उन्हात उभे आहे हेच कळत नाही.

दोष माझाही आहे. ग्रेड परीक्षांसाठी तुला आणि वर्गातल्या कित्येकांना मी ‘आधी बाह्यरेषा पक्की करा, मग रंग रेषेबाहेर जाऊ देऊ नका’ असेच बजावत आलो. संकल्पचित्राला ती शिस्त शोभते. पैठणीच्या पदरावरचा मोर तर धाग्यांच्या हिशेबानेच उभा राहतो. पण नायगावच्या अभयारण्यात झुडपातून मोर निघतो तेव्हा आधी एक गडद आकार दिसतो, मग गळ्याची निळी चमक, आणि पिसांकडे लक्ष जाईपर्यंत तो निघून गेलेला असतो. चित्रातही रंग याच क्रमाने यावेत असे मला आता वाटते.

काळविटाचेच घे. पोट पांढरे असते हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण तिथे पांढरा फासतो. प्रत्यक्षात ऊन माथ्यावर असताना पाठीवर आकाशाची निळसर झाक उतरते आणि सावलीतले पोट खालच्या जमिनीचा रंग उचलते. ज्वारी काढलेल्या रानात तो धसकटांचा पिवळा असेल, नांगरलेल्या काळ्या रानात मळकट जांभळा. मादीची गंमत तर आणखी वेगळी आहे. तिची बदामी पाठ उन्हात उजळते, पांढरे पोट सावलीत मंदावते, दोन्ही छटा जवळ येतात आणि उभी असूनही ती दिसेनाशी होते. हे फोटोवरून कळत नाही, कारण कॅमेरा पुष्कळदा सावली सरळ काळी करून टाकतो, आणि तुझ्या चित्रातली सावली तशीच काळी झाली आहे.

म्हणून डोळे किलकिले करून पाहा. बारकावे पुसले जातात आणि उजेड, मधली छटा, अंधार एवढेच तीन तुकडे उरतात. ते इंचभर रुंदीच्या चपट्या ब्रशने, ३०० जीएसएमच्या जाड कागदावर, ओल्यावर ओले, म्हणजे पहिला रंग वाळायच्या आत दुसरा टाकून मांड. पाय धसकटांत विरघळले तर विरघळू दे. धारदार कड फक्त शिंगांना आणि डोळ्याला ठेव. स्वीडनचे चित्रकार ब्रुनो लिल्येफोर्स (१८६०–१९३९) यांचे ससे आणि कोल्हे पाहा. प्राणी कुठे संपतो आणि गवत कुठे सुरू होते हे ते अनेकदा सांगतच नाहीत, आणि म्हणूनच ते प्राणी गवतात खरोखर लपलेले वाटतात.

रंगही कमी कर. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना यांवर बहुतेक काम भागवले. बाहेरून आणावा लागला तो निळा, लाजवर्द या दगडाचा. तेवढ्यावर सतराव्या लेण्यातल्या छद्दन्त जातकातले, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेतले, हत्ती उभे राहिले. त्यांची पद्धत रेषेची होती, तुझी तशी असायची गरज नाही, पण वजन कसे येते ते तिथे पुन्हा जाऊन पाहण्यासारखे आहे. तुझ्या डब्यातल्या २४ ट्यूबांपैकी यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि पांढरा एवढेच बाहेर ठेव. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन मिसळला की जो गडद रंग मिळतो तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जिवंत असतो.

पुण्यात काळवीट कुठून आणू, असे तू म्हणशील. शेळ्या काढ, रस्त्यावरची कुत्री काढ. जनावर हलते, म्हणून एका कागदावर पाच-सहा चित्रे अर्धवट सुरू करून ठेव आणि ते पुन्हा त्याच ढबीत आले की त्या चित्राकडे परत ये. मागच्या पायाचा जो उलटा गुडघा वाटतो तो खरे तर घोटा असतो, एवढे ध्यानात ठेवलेस तर निम्म्या चुका टळतील. तुझ्या काळविटाचा मागचा पाय नेमका तिथेच चुकला आहे.

थंडीत नाथसागरावर पट्टकादंब उतरतात. राखाडी पाणी, राखाडी धुके आणि राखाडी पक्षी, त्यात डोक्यावरचे दोन काळे पट्टे तेवढे स्पष्ट दिसतात. डिसेंबरात सुट्टी काढून ये, पहाटे बरोबर जाऊ. चपटा ब्रश मी आणून ठेवला आहे. जाड स्वेटर मात्र आण, पाण्याकाठचा वारा बोचतो.

तुझे,
बाबा