मॅडम, त्या शनिवारांबद्दल

आदरणीय मॅडम,

नाव लिहिलं तर रागवाल, म्हणून लिहीत नाही. बीड-लातूर पट्ट्यातले ग्रंथपाल तसेही ओळखतील.

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि पुढे आमच्या देवघेवीच्या काउंटरवर त्याने बनवलेल्या संदर्भांच्या वेगळ्याच याद्या यायला लागल्या. लेखक, नियतकालिक, वर्ष, पृष्ठांक सगळं जागच्या जागी. लेख मात्र कुठेच सापडायचा नाही. संशोधक विद्यार्थी आमच्याकडे संशयाने बघायचे आणि आम्ही आमच्या तालिकेकडे, म्हणजे ग्रंथांच्या नोंदसूचीकडे.

तुम्ही आम्हाला शनिवारी दुपारी तुमच्या वाचनकक्षात जमवलंत. भाषण नाही, स्लाइड नाहीत. म्हणालात, ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे तेच आधी या यंत्राला विचारा. अंबाजोगाईच्या सरांनी संतकवी दासोपंतांची पासोडी काढली. कापडावर लिहिलेलं ते पंचीकरण त्यांच्या गावचंच. उत्तर सफाईदार मराठीत आलं, सोबत शोधनिबंध-प्रबंधांची यादीही. मग एकेक शीर्षक शोधगंगेत, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात टाकलं, डीओआय (लेखाचे कायमचे ऑनलाइन क्रमांक) उघडून पाहिले. एक भलत्याच विषयाच्या लेखावर गेला, बाकीचे उघडलेच नाहीत. सरांचा चेहरा बघण्यासारखा होता!

तेव्हा तुम्ही सांगितलंत ते आता मीही मुलांना सांगतो: या यंत्राच्या पोटात तालिका नसते, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, एवढाच हिशेब असतो. संदर्भाचा साचा त्याला पाठ असतो, म्हणून तो भरला जातो. त्यात मराठी मजकूर त्याने इंग्रजीच्या मानाने फारच थोडा वाचलेला, त्यामुळे आपल्या भागाच्या विषयांवर जास्त सावध राहायचं.

आमच्या परिचरालाही तुम्ही शेजारी बसवलंत, याचे आभार वेगळे. ‘याला माहीत नाही म्हणता येतं का?’ हा त्या दुपारचा सगळ्यात चांगला प्रश्न त्याचाच होता. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, करून बघायला लावलंत. कधी म्हणालं, कधी रेटून नेलं.

आणखी एक गाठ सुटली. मार्गदर्शक साम्य-अहवाल (प्रबंधातला किती मजकूर इतरत्र जुळतो ते दाखवणारा) हातात घेऊन ‘यात एआयचं किती?’ विचारतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतली १० टक्क्यांची सवलत ही जुळणाऱ्या मजकुराची. यंत्राकडून लिहून घेतलेला नवा मजकूर त्यात सापडेलच असं नाही. आणि एआय ओळखणारी साधनं माणसाचं लेखनही यंत्राचं ठरवतात, तेव्हा तेवढ्यावरून पोराला दोषी धरायचं नाही. हे प्राध्यापकांना तोंडावर सांगायला बळ लागतं, ते तुमच्या बैठकांतून आलं.

आता आम्ही मुलांना वापरू नका म्हणत नाही. शोधासाठी पर्यायी इंग्रजी शब्द काढा, अवघड उतारा सोपा करून घ्या, पण अप्रकाशित प्रकरण आणि मुलाखत दिलेल्यांची नावं त्यात टाकू नका, असं सांगतो.

एक विनंती आहे. दिवाळीनंतर अशीच बैठक आमच्याकडे मार्गदर्शकांसाठी घ्याल का? प्राचार्यांशी बोललो आहे, सभागृह मिळेल. पासोडीवाले सर यायला तयार आहेत.

आपला,
परळीकडचा एक ग्रंथपाल