कात्रीची कडी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इंटर्नशिप संपली तरी आणखी आठवडा कशाला थांबतेस, असं आईने परवा फोनवर विचारलं. ओपीडीत होते, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

मार्चमध्ये एक टेलरकाका आले होते, पंचेचाळिशीचे. खालच्या पुढच्या दातांत फटी पडल्या होत्या. एका दवाखान्यात त्या बुजवून घेतल्या, तर शेजारी नव्या पडल्या. मी दात साफ केले, केसपेपरवर 'फटी' लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

महिन्याने ते परत आले. सही करताना त्यांची जाडजूड बोटं दिसली आणि मी विचारलं, "काका, एवढ्या बोटांनी कात्री कशी धरता?" म्हणाले, "कडीवरच्या चिंध्या सोडून टाकल्या, तरी अंगठा अडकतो."

बाबा, अंगठ्याला घट्टा पडू नये म्हणून तुम्ही कडीला चिंधी गुंडाळायचात. टेलरने ती सोडून टाकावी, हे मला खटकलं. काकांच्या चपलेचा नंबर आठाचा दहा झाला होता. घोरणं वाढलेलं, लग्नातली अंगठी कधीच कापून काढलेली. जुना फोटो मागितला. त्यातली हनुवटी वेगळीच होती.

या आजाराला अ‍ॅक्रोमेगाली म्हणतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिथे बहुतेक वेळा साधी, कॅन्सरची नसलेली गाठ होते आणि वाढीचं हार्मोन नको तेवढं सुटतं. मोठ्या माणसाची उंची वाढत नाही. हात, पाय, जीभ, जबडा वाढतो. जबडा वाढला की दात फाकतात. वर्षाला दहा लाखांत तीन-चार नवे पेशंट. बदल इतके सावकाश होतात की ओळखायलाच कित्येकदा पाच-दहा वर्षं जातात. तोवर बीपी, साखर, हृदय, सगळीकडे त्रास सुरू झालेला असतो.

१८८६ मध्ये पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरने आजाराला हे नाव दिलं. आम्हालाही ते पाठ आहे, परीक्षेपुरतं. दातांना तार लावण्याआधी कवटीचा बाजूने एक्स-रे काढतात. त्यावर आम्ही 'एस' नावाचा बिंदू काढतो. तो ज्या खोबणीच्या मधोमध येतो, त्याच खोबणीत ही ग्रंथी बसलेली असते. मी असे शेकडो बिंदू काढले असतील, पण खोबणी मोठी दिसतेय का, हे एकदाही पाहिलं नाही. काकांच्या एक्स-रेत ती मोठी दिसत होती.

सरांनी लगेच रक्ताची आयजीएफ-१ तपासणी करायला पाठवलं, वाढीचं हार्मोन जास्त सुटतंय का ते तिच्यावरून कळतं. मग एमआरआय झाला. गाठ निघाली. मंगळवारी नाकातून ऑपरेशन आहे.

त्यांच्या पहिल्या खेपेला मी फक्त दात पाहिले, हे मनातून जात नाही. म्हणून थांबतेय. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दोन दिवस शिकवणार आहे. तोंड उघडायला सांगण्याआधी हात बघा, अंगठी आणि चपलेचं विचारा, जुना फोटो मागा. सरांनी वेळ दिलाय.

काकांनी विचारलं, ऑपरेशननंतर कात्री बसेल का? सूज उतरते, पण वाढलेलं हाड परत लहान होत नाही. बाबा, तुमची ती पितळी मोठ्या कडीची मेरठची कात्री माळ्यावर असेल ना? धार लावून ठेवाल का? पुढच्या रविवारी येतेय, जाताना नेईन. आई, तू गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घे.

तुमची,
मनू