ग्योझा म्हणजे तळलेला मोमो नव्हे!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत ग्योझाची, म्हणजे मोमोसारख्या सारण भरलेल्या जपानी पदार्थाची, रेसिपी आली, वाचून आनंद झाला, पण त्यात कढईभर तेलात तळा असं लिहिलंय ते काही पटलं नाही बुवा. मी चार वर्षं टोकियोत होते, तिथे शेजारच्या काकूंनी शिकवलं. सपाट तव्यात चमचाभर तेल, ग्योझा ओळीने लावायचे, बूड सोनेरी झालं की अर्धी वाटी पाणी ओतून पटकन झाकण, चर्रर्र आवाज होतो, घाबरायचं नाही, ५-६ मिनिटांत पाणी आटतं आणि मग परत खालून कुरकुरीत, वरून मऊ लुसलुशीत. चिनी लोक याला ग्वोथिए म्हणतात, म्हणजे भांड्याला चिकटलेलं, नावातच सगळं आलं ना! आणि सारणातला कोबी मीठ लावून घट्ट पिळायचा हे तर तुम्ही लिहिलंच नाही, माझी पहिली बॅच कोबी न पिळल्यामुळेच फुटली, सगळं सारण तव्यावर. मुरड मात्र एकाच बाजूला घालायची, करंजीचा हात असेल तर लगेच जमतं. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाल का?

– एक वाचक, पुणे