नेत्रदानासाठी धावून आलेल्यांचे आभार

वडिलांचे नेत्रदान वेळेत पार पडले, याचे श्रेय लायन्स क्लबच्या ज्या कार्यकर्त्यांना जाते, त्यांची नावे आम्हाला आजही माहीत नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. ते शक्य झाले, कारण क्लबच्या एका मासिक सभेत कोणीतरी अत्यंत शांतपणे समजावून सांगितले होते की, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीने किंचित उंच करावे. त्या सभेला मी केवळ शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर गेलो होतो. मध्यरात्री दूरध्वनी उचलणाऱ्या ताईंनी नेत्रपेढीचे पथक आमच्या घरी पोहोचेपर्यंत तीनदा विचारपूस केली, आणि आलेल्या दोघांनी आईशी बोलून तिची संमती घेतल्याखेरीज कशालाही हात लावला नाही. ही माणुसकी मला सर्वांत मोलाची वाटते.

१९२५ साली अंध व बधिर असलेल्या अमेरिकन लेखिका हेलन केलर यांनी लायन्स क्लबच्या सदस्यांना दृष्टिहीनांसाठी काम करण्याचे आवाहन केले होते. त्या आवाहनाला आमच्या दारी येऊन जागलेल्या, सभेत खुर्च्या मांडणाऱ्या आणि अर्ज भरून घेणाऱ्या सर्वांचे आमचे कुटुंब मनःपूर्वक ऋणी आहे. आईने आणि मीही आता नेत्रदानाचे अर्ज भरले आहेत.