आकडा मोजलाय की नुसता काढलाय, तेवढं तरी लिहा: गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री साहेब,

स.न.वि.वि.

नवीन घराचा ताबा घेताना जी फाइल हातात येते त्यात हल्ली एनर्जीचे कागद पण असतात. कुठे सर्टिफिकेट, कुठे टेस्ट रिपोर्ट, आणि त्यावर यू-व्हॅल्यू, एअर टाइटनेस, थर्मल ब्रिज, अ‍ॅज डिझाइन्ड, अ‍ॅज बिल्ट असले शब्द आणि पुढे दशांशातले आकडे. लोक सही करतात आणि फाइल कपाटात जाते, कारण विचारायचं कुणाला हेच माहीत नसतं. पण घर उन्हाळ्यात किती तापणार, थंडीत किती गार पडणार आणि विजेचं बिल किती येणार हे त्याच आकड्यांत असतं, म्हणून हे पत्र तुम्हाला सगळ्यांसमोर लिहितोय. मागणी मुळात एकच आहे, त्या कागदावरचा प्रत्येक आकडा हिशोबाने काढलाय की तयार घरात यंत्र लावून मोजलाय हे त्याच्या शेजारीच लिहिणं सक्तीचं करा.

यू-व्हॅल्यूचंच घ्या. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक डिग्रीचा फरक असताना किती वॅट उष्णता जाते, एवढाच त्याचा अर्थ, म्हणजे आकडा जितका कमी तितकं चांगलं. नुसत्या विटांच्या ९ इंची भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण २ च्या आसपास असते, चांगलं इन्सुलेशन असेल तर ०.२ पर्यंत खाली येते. १० चौरस मीटर भिंत आणि १० डिग्रीचा फरक धरला तर पहिल्या भिंतीतून २०० वॅट जातात आणि दुसरीतून २०. हे कुणालाही कळतं, पण कागदावर असं कुणी लिहितच नाही. त्यात काही कंपन्या आर-व्हॅल्यू छापतात, ती बरोबर उलटी, म्हणजे जास्त तेवढी चांगली, आणि अमेरिकन मापातली आर-व्हॅल्यू तर मेट्रिकच्या साडेपाच पटीपेक्षा जास्त दिसते, भिंत तीच असली तरी. साधा माणूस मोठा आकडा बघून खूश होणार नाही तर काय करणार.

आणि हा यू-व्हॅल्यूचा आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसतोच. ड्रॉइंगमध्ये कुठलं मटेरियल किती जाडीचं आहे त्यावरून तो काढतात. साइटवर इन्सुलेशनच्या दोन शीटमध्ये फट राहिली, काँक्रीटचा स्लॅब तसाच बाल्कनीत बाहेर निघाला आणि त्यातून उष्णता सरळ वाहायला लागली (थर्मल ब्रिज म्हणतात तो हाच), नाहीतर ठरलेली काच न मिळाल्याने दुसरी बसवली, तरी कागदावरचा आकडा जागचा हलत नाही. भारतातल्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, जी २०१८ ला आली, आरईटीव्ही नावाचा आकडा आहे, भिंती-खिडक्यांतून घरात किती उष्णता येते ते सांगणारा, थंड हवामानाचा भाग सोडून बाकी सगळीकडे तो १५ वॅट प्रति चौरस मीटरच्या आत पाहिजे. भिंती, खिडक्या, काच, सावली, दिशा हे सगळं एका सूत्रात घालून तो निघतो. सूत्र चांगलं आहे, मला त्याबद्दल आदर आहे, पण तो भिंतीला यंत्र लावून मोजायचा आकडा नाही, त्यामुळे सूत्रात जी काच आणि जो ब्लॉक धरला तोच साइटवर लागला का हे जाऊन बघितल्याशिवाय त्याला पूर्तता म्हणता येत नाही.

खरी मोजणी होते ती एअर टाइटनेसची, म्हणजे फटींतून हवा किती गळते त्याची, आणि साहेब, इथे जरा थांबून वाचा. बाहेरच्या दारात कापडी पडद्यासकट मोठा पंखा बसवतात, बाकी दारं-खिडक्या बंद करतात आणि आत-बाहेर ५० पास्कलचा दाबाचा फरक तयार करतात. तो फरक टिकवायला पंख्याला जेवढी हवा ढकलावी लागते तेवढी घराला गळती. याला ब्लोअर डोअर टेस्ट म्हणतात आणि आयएसओ ९९७२ हे त्याचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड. आता निकाल लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे घरातली सगळी हवा तासाला किती वेळा बदलली, आणि दुसरी म्हणजे भिंती-छप्पर-जमिनीच्या दर चौरस मीटरमागे तासाला किती घनमीटर हवा गेली. घर तेच, टेस्ट तीच, आकडे वेगळे. पॅसिव्ह हाउसची (फार कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांचं स्टँडर्ड) मर्यादा ०.६ आहे, ती पहिल्या पद्धतीने ५० पास्कलला. फ्रान्समध्ये स्वतंत्र घरांची मर्यादाही ०.६ च आहे, पण ती दुसऱ्या पद्धतीने (तिथे जमीन न धरता) आणि ४ पास्कलला! म्हणजे दोन ०.६ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक, पॅसिव्ह हाउसचा नियम कितीतरी कडक. जाहिरातीत मात्र दोन्ही नुसतं ०.६ म्हणून छापता येतील, कोण अडवणार? म्हणून दाब आणि एकक न लिहिलेला आकडा ग्राह्यच धरू नका.

दुसरं असं की टेस्ट नेमकी कुणाच्या घराची. बऱ्याच ठिकाणी एका टाइपच्या घरांतली थोडी निवडून टेस्ट करतात आणि तोच निकाल बाकीच्यांना लावतात. शेजारच्या घराचा रिपोर्ट माझ्या फाइलमध्ये कशाला? इंग्लंडमध्येही आधी सॅम्पल चालायचं, जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमात प्रत्येक नव्या घराची टेस्ट सक्तीची झाली, आणि इन्सुलेशन, सांधे हे सगळं झाकलं जायच्या आधीचे फोटोही ठेवावे लागतात. फोटोची गोष्ट मला टेस्टइतकीच महत्त्वाची वाटते कारण प्लास्टर झाल्यावर आत काय आहे हे भिंत फोडल्याशिवाय नीट कळत नाही. टेस्ट नापास झाली की शेवटच्या दिवशी सिलिकॉनची ट्यूब घेऊन स्कर्टिंगच्या कडा भरायच्या आणि पास करून घ्यायचं हेही चालतं, ते सिलिकॉन पुढे सुटतं आणि गळती परत सुरू. त्यामुळे नापास झालेलं पहिलं रीडिंगसुद्धा रिपोर्टमध्ये राहू द्या, खोडू नका.

अजून एक, घर हवाबंद केलं की ताज्या हवेची सोय मुद्दाम करावी लागते, नाहीतर ओल आणि बुरशी ठरलेली. एक्झॉस्ट फॅनमधून सेकंदाला किती लिटर हवा जाते हेही जागेवर मोजता येतं, फॅनच्या खोक्यावरचा आकडा तिथे उतरवून चालत नाही, कारण डक्ट वाकडातिकडा गेला की हवा कमी होते.

तर साहेब, एका पानाचा फॉर्म काढा. त्यात आकडा, त्याचं एकक, कमी चांगला की जास्त, हिशोब की मोजणी, मोजणी असेल तर कुठल्या घरात आणि कुठल्या तारखेला, एवढं असू द्या. टेस्ट करणारा माणूस बिल्डरच्या पगारावर नको. आणि हे पान ताब्याच्या दिवशी न देता शेवटचा हप्ता द्यायच्या आधी मिळालं पाहिजे, कारण पैसे गेल्यावर फट सापडून उपयोग काय, ती बुजवायला परत कुणी येत नाही.

आपला,
नवीन घर घेणारा एक नागरिक