साडेतीन-अर्धा

संपादक महोदय,
रविवारी आमच्या बुद्धिबळ क्लबची लीग मॅच झाली, समोरची टीम चारही बोर्डांवर रेटिंगने भारी, साडेतीन-अर्धा हरलो. पण तो अर्धा पॉइंट बघायला पाहिजे होता राव! आमच्या नववीतल्या पोरीकडे नुसता हत्ती, समोर हत्ती आणि वर प्यादं, घड्याळात जेमतेम मिनिट. तिने हत्ती आपल्या तिसऱ्या रांगेत रोवला, प्यादं पुढे सरकल्याबरोबर थेट पलीकडच्या टोकाला नेऊन मागून शहावर शह, झाली की बरोबरी. दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला वर्ल्ड कप जिंकली तेव्हा पानं भरली, छानच, पण गावातल्या मॅचलाही चार ओळी द्या की, जमलं तर चालींसकट.
- एक वाचक, सांगली